वेशीबाहेरचं शेवाळ

"तुझ्या बाटल्या मिसळल्यात," सर फोनवर म्हणाले. "दुसरं काही नाही."

सर म्हणजे माझे पीएचडीचे मार्गदर्शक. ते आवाज चढवून बोलले असते तर मीही चढवला असता. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही, हे आमच्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण सर शांतपणे, कीव केल्यासारखं बोलत होते, आणि त्याने माझ्या अंगाची आग आग झाली. तोंडातून मात्र "नाही सर" याच्यापुढे शब्द फुटला नाही.

भांडण हिरव्या शेवाळावरून होतं. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला, खाडी समुद्राला मिळते तिथे, जांभ्याचं खडप, म्हणजे खडकाळ किनारा, आहे. ओहोटी लागली की त्यातल्या एका डबक्यात दोन तऱ्हेचं शेवाळ दिसायचं. एक बारीक पोकळ नळ्यांचं, दुसरं पातळ आणि पसरट, हिरव्या प्लॅस्टिकच्या कागदासारखं. जुन्या पुस्तकांत नळीवाली शेवाळं एका खणात आणि पानवाली दुसऱ्या खणात ठेवलेली असत. पुढे जनुकं वाचायची सोय झाली आणि ते खण मोडले. आता तुकडा सुकवून प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे त्याच्या एका ठरावीक जनुकातल्या अक्षरांचा क्रम वाचतात. तो क्रम दुसऱ्या तुकड्याच्या क्रमाखाली लावून बघायचा. जुळला तर दोघं एक, दिसायला कितीही वेगळी असोत.

मी डबक्यातल्या दोन्ही तऱ्हा पाठवल्या होत्या. क्रम अक्षरन्‌अक्षर जुळला. एकच शेवाळ, दोन रूपं, तीही एकाच डबक्यात! दूरच्या समुद्रांत असं आढळल्याचं मी वाचलं होतं, पण आमच्या खडपात ते माझ्या हाताला लागेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी घरभर नाचले होते. सरांना त्यात निष्काळजीपणा दिसला. नळीचा चुरा पानाच्या बाटलीत गेला असणार, नाहीतर असा निकाल येतोच कसा? यापुढे माझ्या बाटल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणायच्या नाहीत, असंही त्यांनी त्याच शांत आवाजात सांगितलं. प्रबंधाला मिळालेली शेवटची मुदतवाढ चालू होती. "बाटल्या मिसळणारी" हा शिक्का एकदा बसला की पुढे कुठे नोकरीला उभं राहायचीही सोय नव्हती.

डबक्यावर जाऊन नवा तुकडा आणावा, तर पावसाळ्याआधी जेटीच्या कामाला दगड टाकले, त्यात डबकं बुजलं होतं. बाकीच्या किनाऱ्यावर, पार मिठबावपर्यंत, मी पानवालं शेवाळ गोळा करत फिरले आणि वाचून घेतलं. ते सगळं परकं निघालं. माझ्याजवळ उरलं होतं ते घरी तीन बरण्यांत वाढत असलेलं. डबकं बुजायच्या आधी तिथून आणलेल्या एकाच नळीची ती प्रजा. खिडकीत ट्यूबलाइट, शेजारी माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा पंप, असा सगळा थाट. आणि गेल्या पंधरवड्यात त्यातल्या काही नळ्या टोकाशी चपट्या व्हायला लागल्या होत्या. अजून थोडे आठवडे मिळाले असते तर नळीचं पान झालेलं मी सरांना डोळ्यांनी दाखवलं असतं, आणि त्याच पानाचा तुकडा त्यांच्या हाताने कापून पाठवला असता. मग कोण म्हणणार होतं मिसळलं म्हणून?

त्याच आठवड्यात देवाचा कौल झाला. गावपळण लागली.

आमच्या गावात काही वर्षांनी ही येते. कौल झाला की सगळा गाव तीन रात्री घरं बंद करून वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. चुली विझवायच्या, दिवे बंद करायचे, गाव देवाच्या हवाली करायचा. चौथ्या दिवशी देवळात पुन्हा कौल लावायचा, देव ये म्हणाला तर परत यायचं. वेशीबाहेर खाडीकाठी झावळ्यांच्या खोपी पडतात आणि लोक खरंच मजा करतात. एरवी मीही केली असती.

आमच्या घराण्याकडे शेवटच्या फेरीचा मान आहे. सगळे बाहेर पडले की बाबा एकटे गावभर फिरतात, मग वेशीवर येऊन सगळ्यांसमोर देवाला सांगतात, की म्हाराजा, गावात जितां कायेक रवूक नाय, म्हणजे जिवंत असं काही मागे राहिलं नाही. आणि लोक म्हणतात, व्हय म्हाराजा. हे वाक्य बाबांच्या आधी आजोबांनी म्हटलं होतं.

मी बरण्यांपुढे उभी राहिले. तीन दिवस घरातच चालावा म्हणून पंपाला मोठी बॅटरी जोडून ठेवली होती, ती मी पदराआड झाकल्यासारखी झाकत होते.

"बाबा, ह्यां झाड आसा," मी म्हटलं. "झाडां रवतत. माड काय कोण उपटून नेतत?"

बाबा वाकून बरणीत बघत राहिले. "झाड? गेल्या महिन्यात तुयाच माका त्या भिंगात दाखयलंस. ह्याची पिल्लां पोवत होती. पोवता तां झाड कसां गो?"

दाखवलं होतं खरं. शेवाळाचं बीज पाण्यात सुटतं तेव्हा त्याला शेपट्या असतात आणि ते उजेडाकडे पोहत जातं. मीच हौसेने बाबांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवून ते दाखवलं होतं, आणि ते "आगो आगो" करत कितीतरी वेळ उठले नव्हते. आता ती हौस माझ्याच अंगाशी आली.

"बाबा, भायर काढलंय तर मरतला. ऊन, धक्के... माजा सगळां ह्याच्यार आसा."

"आणि माका देवासमोर खोटां सांगूक लावतंस?"

ते रागावले नव्हते, खरोखर विचारत होते. सर मला खोटं पाडत होते म्हणून मी जळत होते, आणि इथे बाबांना खोटं पाडायला निघाले होते, हे मला तेव्हाच कळलं. कळलं म्हणून राग कमी झाला नाही. मी पंप बंद केला, बॅटरी पायाने बाजूला सारली आणि बरण्या उचलल्या.

कॉलेज माझ्यासाठी बंद होतं आणि गाडीतून लांब नेलं तर धक्क्यांनीच सगळं संपलं असतं. त्यामुळे बरण्या आमच्याबरोबर वेशीबाहेर आल्या. आत्याने हाऱ्यात, मोठ्या टोपलीत, पेंढा घालून त्या बसवल्या, वर ओलं फडकं टाकलं आणि हारा स्वतःच्या डोक्यावर घेतला. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. माझी पीएचडी म्हणजे नक्की काय ते तिला कळत नाही, पण मी रात्री जेवले की नाही ते तिला दारातून पाऊल टाकताच कळतं.

"काय गो, लोणच्याची बरणी इसारलंस नाय ती?" वाटेत कुणीतरी ओरडलं आणि बायका हसल्या. मला हसू आलं नाही.

पहिला दिवस निभावला. पंप नव्हता म्हणून मी सलाइनची नळी बरणीत सोडून तोंडाने फुंकत बसले. फुंकून फुंकून गालफडं दुखायला लागली. फडकं वाळलं की भिजवायचं, सावली सरकली की हारा सरकवायचा. पलीकडे फुगड्या चालल्या होत्या, कुणी खाडीत गळ टाकून बसलं होतं, कोंबड्या खोपीखोपीत शिरत होत्या, आणि मी बरण्यांना चिकटून. बाबा मधूनच येऊन उभे राहायचे, बरणीत बघायचे आणि जायचे. त्यांच्याशी बोलायची माझी इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं पडलं की पाण्यात बोट घातलं तर कोमट लागलं. मी फडकं काढलं. टोकं फिकी झाली होती. बघता बघता फिकी होती ती पांढरी झाली, आणि बरणीच्या उजेडाकडच्या बाजूला पाणी हिरवं गढूळ दिसायला लागलं. हे काय ते मला ठाऊक होतं. शेवाळाला त्रास झाला की ते आपलं सगळं बीज एकदम सोडून देतं. अंगातलं हिरवं पाण्यात उतरतं आणि मागे नुसती पांढरी कात उरते. ते बीज काचेला चिकटून रुजलं तर ठीक. पण संध्याकाळपर्यंत बरण्यांना वास यायला लागला, आणि वास आला म्हणजे रुजणारंही कुजायला लागलं.

मी खोपीमागे जाऊन रडले. आवाज न करता रडायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही. आत्या आली आणि पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "वायच थंडावलां काय बरां जातलां," ती म्हणाली. थंडावल्यावर बरं होईल ते शेवाळ की मी, हे मी विचारलं नाही.

तरी एक आशा होती. काचेवर तपकिरी-हिरवट साय धरली होती. तिच्यात एखादंच बीज जिवंत असलं तरी मला पुरे होतं. ते नळीचंच पोर असणार, दुसऱ्या कुणाचं असायला वावच नव्हता. याच एका आधारावर मला झोप लागली.

सकाळी डोळे उघडले तर समोर तिन्ही बरण्या हिरव्यागार. हिरवं कसलं, पोपटी आणि गर्द मिळून नुसतं लखलखत होतं. मी धडपडत उठले. मला वाटलं देव पावला. खोटं कशाला सांगू, मी हात जोडले. मग जवळ गेले आणि बघितलं की काच स्वच्छ आहे. साय नाही, डाग नाही, काही नाही. काचेतून पलीकडची खाडी दिसत होती.

"आत्या, बरण्यांक कोणी हात लावलो?"

आत्या चुलीपाशी होती. तिचा चेहरा फुलला होता, सणाच्या दिवशी फुलतो तसा. "मी. वास येय होतो गो. मेलां होतां तां. पाणी ओतून टाकलंय, बरण्यो राखेन घासलंय, नि तडे रस्त्याच्या मोरीखालसून ताजा हिरवांगार बघून हाडलंय. तुजा रडणां माका बघवना नाय."

राखेने. नारळाच्या सोडणाने घासघासून. तिने घरातलं कुठलंही भांडं अर्धवट घासल्याचं मी जन्मात पाहिलेलं नाही.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण "तू मारलंस, माजा सगळां तू मारलंस" हे मी परत परत म्हणत होते, आणि आजूबाजूच्या खोपींतून माणसं बाहेर येऊन बघत होती हे आठवतं. आत्या म्हणाली, "गो, हिरवां तां हिरवां, तसलांच आसा..." त्यावर मी पहिली बरणी उचलून खाडीच्या चिखलात उपडी केली. मग दुसरी. तिसरीला हात घातला तेव्हा तिने ती छातीशी धरली. मी ओढली तरी सोडली नाही. बाबा मध्ये आले. "बरणीत घेतलंलां जितां भायर टाकून जावचा नसता," ते म्हणाले. "घराक जातला तां."

चौथ्या दिवशी देवाने कौल दिला आणि गाव परत आला. लोक म्हणतात परतल्यावर गावाची हवा वेगळी लागते. मला काहीच लागलं नाही. आत्याने तिसरी बरणी खिडकीत ठेवली आणि त्यानंतर माझ्या त्या टेबलाकडे ती फिरकली नाही. पूर्वी चहाचा कप तिथे आणून ठेवायची. आता स्वयंपाकघरातून हाक मारायची, तीही बाबांकरवी.

सरांना फोन करून सांगितलं, की वाढवलेलं सगळं मेलं. "मग ते प्रकरण काढ," ते म्हणाले. "बाकी प्रबंध ठीक आहे." प्रकरण काढलं की बाटल्या मिसळल्याचं मी कबूल केल्यासारखंच होतं. मी तरी कामाला लागले, कारण दुसरा इलाज नव्हता.

राहिलेल्या तपासणीत एक नमुना असा हवा होता, जो आमच्या शेवाळाहून नक्की वेगळा आहे. तुलनेला असा एक परका ठेवावा लागतो. मला लांब जायचा कंटाळा आला होता आणि आत्याची बरणी समोरच होती. त्यातलं शेवाळ गर्द, चुण्याचुण्यांचं, काठाला झालर असलेलं. खाडीच्या गोडसर पाण्यात ते ढिगाने वाढतं. मी कितीदा त्यावरून पाय देऊन गेले असेन, एकदाही उचललं नव्हतं, कारण बघताक्षणीच कळत होतं की हे आपलं नव्हे. त्याचा तुकडा सुकवून नवीन बाटलीत घातला आणि बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवून दिला.

निकाल आला तेव्हा मी कुडाळच्या एसटी स्टँडवर होते. मोबाइलवर दोन्ही क्रम एकाखाली एक लावले. फरक कुठे दिसतोय ते शोधत बोटाने सरकवत गेले. सरकवत गेले आणि क्रम संपला. एकही अक्षर वेगळं नव्हतं. आत्याने मोरीखालून आणलेलं ते झालरवालं शेवाळ आणि बुजलेल्या डबक्यातली माझी नळी, दोघं एक होती.

आनंद नाही झाला. आधी भीतीच वाटली. सर आता काय म्हणणार ते मला शब्दासकट ठाऊक होतं. बरणी माझी, घर माझं, टेबल तेच. पुन्हा मिसळल्या! आणि या खेपेला मलाही शंभर टक्के छातीठोक सांगता येईना. राखेने घासलेल्या बरणीत काही उरलं असेल का? आत्याचं घासणं मला माहीत होतं, पण सरांना कुठे माहीत होतं?

तिथूनच फोन लावला. सगळं सांगितलं, गावपळण, वास, राख, मोरी, सगळं. मग ते म्हणाले, "हे बघ, पुन्हा तेच..."

"सर," मी त्यांना तोडलं. आयुष्यात पहिल्यांदा तोडलं. "तुम्ही या. तुमच्या बाटल्या आणा. मी पाण्याला हात लावणार नाही."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं, पण पुढच्या आठवड्यात ओहोटीची वेळ विचारून ते आले. जागा आत्यालाच माहीत होती. मी तिला काय तोंडाने विचारणार? सरांनीच विचारलं. आत्या त्यांच्याशी ऑफिसात बोलतात तसं मराठी बोलली, "इथूनच घेतलं साहेब, या मोरीच्या तोंडाशी," आणि पदर खोचून पुढे झाली. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले. त्यांनी स्वतः झालरवालं खुडलं. मग त्याच दगडाच्या कडेला, पाणी जरा खारं होतं तिथे, त्यांना बारीक नळ्या दिसल्या. त्याही त्यांनीच खुडल्या. बाटल्या त्यांच्या, कुपी त्यांची, सही त्यांची, प्रयोगशाळाही त्यांनी निवडलेली. मी काठावर हात मागे बांधून उभी होते.

नंतरचे दिवस वाईट गेले. जेवण जाईना. फोन वाजला की दचकायची. दोन्ही निराळे निघाले तर? तर मग सर खरे, मी खरंच बाटल्या मिसळणारी, आणि हे आत्यासमोर, बाबांसमोर उघडं पडणार. बाबा रोज एकदा विचारायचे, "इला काय?" आणि मी मान हलवायची. आत्या विचारत नव्हती, पण बाबांनी विचारलं की विळीवरचा तिचा हात थांबायचा.

एका दुपारी सरांचा फोन आला.

"जुळतंय," ते म्हणाले. "दोन्ही एकमेकांशी जुळतायत, आणि तुझ्या जुन्या दोन्ही नमुन्यांशीही." मग म्हणाले, "ते प्रकरण ठेव."

सरांकडून याहून मोठी माफी मिळायची नाही, हे मला माहीत होतं. मला ती पुरली. मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसले, आणि या वेळी मोठ्याने रडले. बाबा धावत आले. त्यांना सांगितलं तर त्यांनी देवाच्या दिशेला हात जोडले, आणि अंगणात जाऊन उगाचच पालापाचोळा गोळा करायला लागले.

मग मी स्वयंपाकघरात गेले. आत्या नारळ खवत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. बुजलेल्या डबक्यातलं शेवाळ संपलं नव्हतं. ते वेशीबाहेर, मोरीखाली, दुसरं रूप घेऊन सुखात वाढत होतं. जनुकं वाचली म्हणून कळलं, नुसतं बघून मलाही ओळखता आलं नव्हतं. तिने बरणीत घातलं होतं ते तेच.

तिने नीट ऐकून घेतलं. गावपळणीनंतर पहिल्यांदाच ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"म्हणजे मी हाडलंलां तां तुजांच होतां?"

"होय आत्या."

"तांच?"

"तांच."

तिने खवणीवरचं खोबरं ताटात झटकलं. मग म्हणाली, "मगे सगळ्या गावासमोर माझ्यार आरडलंस कित्याक?"

आत्याने उरलेला नारळ खवून संपवला, करवंटी बाजूला ठेवली, आणि माझ्या उत्तराची वाट बघत बसून राहिली.